पानातला वास आणि नाशिकचा पाऊस

सुगंधी जिरेनियमचं पान नुसतं नाकाशी धरलं तर फारसं काही हाती लागत नाही. ते दोन बोटांत धरून हलकेच चोळावं लागतं. पानावरच्या लवेत काही केस असे असतात की त्यांच्या टोकाला तेलाचा इवलासा गोळा असतो. पान उन्हात तिरकं धरून साध्या भिंगातून पाहिलं की हे गोळे दवासारखे चमकतात. बोट फिरलं की ते फुटतात आणि वास मोकळा होतो. गुलाबाचाच वास, पण त्याला हिरवी किनार, किंचित लिंबाची, किंचित पुदिन्याची. गुलाबाच्या अत्तरातली जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही द्रव्यं या पानातही असतात, म्हणून नाक फसतं. गुलाबाच्या तेलात हे तेल मिसळण्याची चाल अत्तराच्या धंद्यात जुनीच आहे. मोगलांनी ज्या गावाला गुलशनाबाद म्हटलं, त्या नाशिकच्या गॅलरीत हे झाड शोभून दिसतं यात शंका नाही. प्रश्न शोभण्याचा नाही, जगण्याचा आहे.

कारण हे झाड नाशिकमध्ये मरतं, आणि बहुतेक वेळा एकाच मोसमात मरतं. हिवाळ्यात नर्सरीतून आणलं की मार्चपर्यंत डौलात असतं, मे महिन्यात थोडं कुरकुरतं, आणि आषाढ सरता सरता कुंडीत काळी काडी उरते. लोक म्हणतात, उन्हाने गेलं. ऊन बिचारं निमित्त. झाड पाण्याने गेलेलं असतं.

हे समजायला झाडाचं माहेर पाहावं लागतं. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते खरं पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ मध्ये या सगळ्यांना जिरेनियमच्याच खात्यात घातलं. लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये पेलार्गोनियमचं घर वेगळं काढलं, पण तोवर जुनं नाव बाजारात रुळलं होतं. ग्रीकमध्ये जेरानोस म्हणजे क्रौंच आणि पेलार्गोस म्हणजे करकोचा. फूल गळल्यावर धरणाऱ्या फळाची लांब चोच पाहिली की दोन्ही नावं पटतात. यातल्या बऱ्याच सुगंधी जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या. तिथे पाऊस साधारण मे ते ऑगस्ट पडतो. म्हणजे महिने जवळपास आपलेच! पण तो तिथला हिवाळा असतो. केप टाऊनला जुलैत दिवसा अठरा अंशांच्या आसपास आणि रात्री सात-आठ. नाशिकला जुलैत दिवसा अठ्ठावीस आणि रात्री बावीस. उन्हाळा तिकडे कोरडा, आणि त्या कोरड्या दिवसांत झाड जाड खोडावर आणि लवेच्या पानांवर तग धरतं.

थोडक्यात, थंडी आणि ओल एकत्र आलेली या झाडाला चालते, ऊन आणि कोरड एकत्र आलेली चालते, पण ऊब आणि ओल एकत्र आली की ते हात टेकतं. कारण साधं आहे. माती उबदार असली की मुळांचा श्वास वाढतो, त्यांना प्राणवायू जास्त लागतो. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरलेल्या असतात. मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी बसते. जून ते सप्टेंबर नाशिक त्याला नेमकं हेच देतं. शहरात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्र्यंबक-इगतपुरीकडे कितीतरी पट. पण शहरातही आठवडाभर सूर्य न दिसणारी झड लागली की तेवढी पुरे होते.

तेव्हा नाशिकमध्ये सुगंधी जिरेनियम सांभाळणं म्हणजे चार महिने छप्पर सांभाळणं. बाकी आठ महिने हे झाड फार मागत नाही.

मातीपासून सुरुवात करू, कारण छप्पर दिलं आणि माती चिकट राहिली तरी तेच होतं. आपली काळी माती द्राक्षबागेत ठिबकवर कितीही गुणी असो, कुंडीत या झाडासाठी नको. ती पाणी शोषून फुगते, धरून ठेवते आणि सुकली की आवळते, मग ढेकूळ आणि कुंडी यांच्या फटीतून पाणी सरळ खाली निघून जातं. पोयटा घ्यावा. तीन घमेली पोयटा, दोन घमेली विटांचा चुरा, एक घमेलं मुरलेलं गांडूळखत आणि एक घमेलं भाताचं तूस, शक्यतो अर्धवट जळालेलं. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरण्यांमुळे तूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. विटांचा चुरा चाळून घ्यायचा. चाळणीखालची पूड फेकायची आणि वर राहिलेले तूर-हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे वापरायचे. पूड घातली तर निचरा सुधारण्याऐवजी माती सिमेंटसारखी बसते. एवढ्या मिश्रणात आठ इंची दहा-पंधरा कुंड्या भरतात. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर बरं, कारण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा या झाडाला त्रास होतो.

कोकोपीटबद्दल माझं मत जरा कडक आहे. नर्सरीतली रोपं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये येतात, कारण ती हलकी आणि वाहतुकीला सोपी पडतात. पण आपल्या पावसाळी हवेत कोकोपीट दिवसेंदिवस सुकत नाही. रोप आणल्यावर आठवडाभर तसंच ठेवून मग मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी जमेल तेवढं सैल करून काढावं आणि वरच्या मिश्रणात लावावं. तसंच्या तसं मातीत बसवलं तर मधला गोळा ओला आणि भोवतीची माती कोरडी अशी स्थिती होते आणि खोडाच्या बुडाशीच कूज धरते.

कुंडी मातीचीच. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, माती गार राहते. आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा दीड-दोन इंचच मोठा. छोट्या रोपाला हौसेने बारा इंची कुंडी दिली की ज्या मातीपर्यंत मुळं पोचलेलीच नाहीत ती आठ-आठ दिवस ओली राहते. चार इंचातून सहात, सहातून आठात, असं चढत जावं. तळाला खडे-गोटे घालायची सवय मात्र सोडावी. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. ते त्या थराच्या वरच अडकतं, आणि ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. कुंडी भरून झाली की वरून तांब्याभर पाणी ओतून बघावं. पाणी वर डबकं करून थांबलं तर चुऱ्याचं प्रमाण वाढवून पुन्हा भरावी. ही तपासणी जूनमध्ये करून उपयोग नाही, आधीच करावी.

आता छप्पर. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुंड्या हलवलेल्या असाव्यात. खरं तर मे अखेरच्या वळवाच्या सरींआधी हलवल्या तर उत्तम. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो, म्हणून पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळचं ऊन मिळतं आणि झडीचा मारा बसत नाही. गच्चीच असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर करावं. बेमोसमी पावसाच्या भीतीने आपले द्राक्ष बागायतदार बागेवर आच्छादन घालू लागले आहेत, त्या कागदाचा तुकडा कुणाकडून मिळाला तर तोच वापरावा, उन्हाने लवकर तडकत नाही. चारही बाजू मोकळ्या ठेवायच्या. कडेनेही प्लॅस्टिक सोडलं तर आत वाफेची भट्टी होते, आणि पाऊस अडवूनही झाड जातं. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने मैदानी मुलखातल्या शेतकऱ्यांसाठी जिरेनियमची मातृरोपं पावसाळ्यात जगवायला कमी खर्चाच्या प्लॅस्टिक छपराची पद्धत बसवली, तीही याच अडचणीसाठी.

कुंडीखाली ताटली नको. दोन विटा मध्ये थोडी फट सोडून मांडाव्यात आणि भोक मधल्या फटीवर येईल अशी कुंडी ठेवावी. दोन कुंड्यांत वीतभर अंतर. खालची पिवळी पानं आठवड्यातून एकदा देठासकट काढून टाकावीत. मातीवर गळून पडलेलं पान दोन दिवसांत राखाडी बुरशीने भरतं आणि तीच बुरशी खोडावर चढते. आणि पाणी? कुंडी उचलून बघावी. सुकी कुंडी किती हलकी लागते हे एकदा हाताला कळलं की दुसऱ्या कशाची गरज राहत नाही. भर श्रावणात कधी कधी दहा दिवस पाणी द्यावं लागत नाही. या काळात खत तर अजिबातच नको.

इतकं करूनही एखादं झाड मान टाकतं, आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. पानं मलूल दिसली की हात आपसूक झारीकडे जातो. त्याआधी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. माती कोरडी असेल तर झारी उचला. माती ओली आणि झाड कोमेजलेलं, तर मुळं गेली आहेत. पाणी समोर असून पिता येत नाही अशी त्याची अवस्था आहे, आणि आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. अशा वेळी धीर करून झाड कुंडीतून बाहेर काढावं. कुंडी आडवी धरून कडेला दोन ठोके दिले की गोळा सुटून हातात येतो. निरोगी मूळ पांढरं, टणक, ओढलं तर ताण जाणवतो. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. चिमटीत धरून हलकेच ओढलं की त्याची वरची साल मोज्यासारखी सरकून येते आणि आत बारीक दोऱ्यासारखा गाभा उरतो. ही मुळं कुजवणाऱ्या पिथियम या रोगजंतूची खूण. नंतर काळेपणा जमिनीलगतच्या खोडात चढतो, खोड ओलं, मऊ, शाईत बुडवल्यासारखं दिसतं. द्राक्षवाल्यांना ओळखीचा डाउनी हा पानांवरचा रोग आणि हा पिथियम एकाच गोतावळ्यातले. दोघेही पाण्यातून पोहत पसरणारे.

काळा भाग दोन पेरांच्या वर गेला असेल तर झाड वाचत नाही, आणि औषधाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वरच्या हिरव्या, टणक शेंड्यांची कटिंग घ्यावीत. कापलेल्या तोंडावर तपकिरी टिपका दिसला तर आणखी वर कापावं, स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत. माती फेकून द्यावी, कुंडी उकळत्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावी. डाउनीवरची आंतरप्रवाही औषधं पिथियमवरही चालतात हे खरं, पण ज्या झाडाचं पान आपण चोळतो, चहात टाकतो, त्यावर ती मारू नयेत. त्यापेक्षा जूनच्या सुरुवातीला एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, कालवून मातीत एकदा द्यावा, महिन्याने पुन्हा. तो बुरशी येण्याआधी कामाचा, आल्यावर नाही.

म्हणूनच शहाणपण हेच की प्रत्येक जातीचं एक तरी लहान रोप जादा तयार असावं. जुनं, खोड लाकडी झालेलं झाड पावसाळ्यात आधी जातं, वर्षाच्या आतलं रोप टिकतं. कटिंग लावायला नाशिकमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी, दिवसा तिशीच्या आसपास, रात्री गारवा.

कटिंग चार इंचांचं, तीन-चार पेरांचं. अगदी कोवळं नको, ते कुजतं. तपकिरी लाकडी नको, ते रुसून बसतं. हिरवं पण वाकवल्यावर कडकन मोडणारं हवं, आणि त्याला कळी नसावी. ब्लेड स्पिरिटने पुसून पेराच्या किंचित खाली सरळ काप. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. पानाच्या देठाशी खोडाला चिकटून दोन छोटी, कागदासारखी त्रिकोणी उपपर्णं असतात. तीही नखाने काढायची, कारण मातीत गेली की कूज तिथूनच सुरू होते. मग कटिंग सावलीत तीन-चार तास पडू द्यायचं. तोंड सुकून त्यावर पापुद्रा धरतो. गुलाबासारखं लगेच पाण्यात टाकणं इथे घातक.

धुतलेलं कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन लहान कपात भरावं. कपाला तापवलेल्या खिळ्याने तीन भोकं पाडावीत. कोकोपीट इथे चालतं, कारण मुक्काम महिनाभराचा आहे. काडीने आधी भोक पाडून कटिंग दीड इंच खाली बसवावं, बोटांनी माती दाबावी, एकदा पाणी देऊन निथळू द्यावं. वर प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. जास्वंदीच्या कटिंगला पिशवी उपकारक, पण लवेच्या पानावर दमट हवा साचली की ते दोन दिवसांत काळवंडतं. पहिल्या आठवड्यात पानं मलूल होतील, घाबरू नये. तीन ते चार आठवड्यांत शेंड्याला नवं पान फुटतं. मग रोप हलकेच वर ओढून बघावं, अडलं तर मुळं धरली. दहा रोपं हवी असतील तर चौदा कटिंग लावावीत. रोप सहा इंचांचं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात.

जातींत नाशिकला सर्वांत सोपी गुलाबवासाची, कापऱ्या पानांची. शेतातही तीच लावतात. सफरचंदाच्या वासाची ठेंगणी, गोल मऊ पानांची जात लहान कुंडीत छान राहते. लिंबाच्या वासाची, बारीक कुरळ्या पानांची जात सरळ वाढते, दिसायला सर्वांत देखणी, पण मुळं धरायला वेळ घेते आणि ओलीला सर्वांत हळवी. पुदिन्याच्या वासाची मखमली पानांची जात निराळी. ती सावलीत, थोड्या ओलसर जागी वाढणारी आहे, आणि आपला एप्रिल तिला सोसत नाही. पहिल्यांदाच लावणाऱ्याने गुलाबवासाच्या जातीपासून सुरुवात करावी, आणि तिने एक पावसाळा काढल्यावरच दुसरी आणावी.

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. मार्चनंतर दुपारी अकरा ते चार पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, पाणी सकाळी, एक दिवसाआड. पानाखाली बारीक जाळं आणि वर पिवळसर ठिपके दिसले की लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवसांच्या अंतराने मारला की आवरतो. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. बोअरचं जड पाणी सतत घातलं तर कुंडीवर पांढरे डाग आणि नव्या पानांत हिरव्या शिरांमध्ये पिवळेपणा दिसतो. ती लोहाची कमतरता, चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम लिटरला देऊन भागतं. हिवाळ्यात पानांच्या कडा तांबूस होतात, तो थंडीचा रंग, रोग नाही. निफाडकडे पारा पाच अंशांखाली येतो त्या रात्री मात्र झाडं भिंतीलगत घ्यावीत आणि संध्याकाळी पाणी देऊ नये.

खत ऑक्टोबर ते फेब्रुवारी, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) एक ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांतून एकदा. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत, गडद होतात आणि चोळल्यावर वास फिका येतो. दिवसाला पाच-सहा तास ऊन आणि थोडी उपासमार, यात पान खरं भरतं.

डास पळवणारं झाड म्हणून हे विकलं जातं, तेव्हा मन दुखतं. नुसतं खिडकीत ठेवून डास जात नाहीत. तपासून पाहिलं तेव्हा डास त्याच्या पानांवरच खुशाल बसलेले आढळले आहेत. घरी तेल काढायचाही नाद नको. ताज्या पाल्यात तेल साधारण हजारात एक भाग, म्हणजे टनामागे किलोभर. कुंडीतल्या पाव किलो पाल्यातून पाव ग्रॅम निघणार. पानाचे चांगले उपयोग साधे आहेत. दव उडाल्यावर, ऊन तापायच्या आत चार-पाच पानं खुडून, पुसून, पूर्ण कोरडी करून साखरेच्या डब्यात थराथराने ठेवावीत. दोन आठवड्यांनी पानं काढून टाकली तरी साखरेला वास राहतो. चहात एक पान उतरवून घेताना टाकावं, उकळलं तर कडवटपणा येतो. औषध मारलेल्या झाडाचं पान तोंडात घालू नये, आणि घरात मांजर-कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवावी, त्यांना ते बाधतं.

दसऱ्याच्या सुमाराला पाऊस सरतो आणि शिवारात द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, लगबग सुरू होते. त्याच दिवसांत जिरेनियमची छाटणी करावी. पावसाळ्यात उंडारलेल्या, लांब पेरांच्या फांद्या एक तृतीयांशवर आणायच्या, पण प्रत्येक फांदीवर दोन-तीन पानं राहतील अशा बेताने. पूर्ण उघडं लाकूड ठेवलं तर द्राक्षासारखं ते डोळ्यांतून फुटेलच याची खात्री नाही. आतल्या बाजूला वाढणारी, एकमेकींवर घासणारी फांदी बुडातून काढावी. वरची इंचभर माती खरवडून तिथे नवं मिश्रण घालावं, दोन दिवस पाणी थांबवावं, मग कुंड्या उन्हात आणाव्यात. कापलेल्या फांद्यांमधून चार इंचांचे चांगले तुकडे निवडून सावलीत पसरून ठेवावेत. संध्याकाळी दिवेलागणीआधी ते कपांत लागले पाहिजेत.